तिसरं पाणी

टण्णकन वाटी वाजली.

भर दुपार होती. उन्हानं सगळी गल्ली दाबून गप्प बसवली होती, आणि अशा शांततेत गुरुबसप्पांच्या अंगणात नळाखाली ठेवलेली उपडी पितळी वाटी वाजली. घर ताडकन उठलं. ही वाटी नीलम्मांची युक्ती. दुष्काळाच्या त्या वर्षी अहमदपुरात नळाचा भरवसा पावसाइतकाच होता. म्हणून नळ कायमचा उघडा आणि त्याच्याखाली वाटी उपडी. पहिला थेंब पडला की वाटीनं बोंब मारायची आणि घरानं भांडी घेऊन धावायचं.

नीलम्मा घागर घेऊन धावल्या. त्यांचे यजमान गुरुबसप्पा लिंगपूजेचा तांब्या घेऊन धावले. सून शिवकांता नुकती कुठं लेकीला निजवत होती. तिनं पेंगुळलेल्या चिन्नूला तशीच खांद्यावर टाकली आणि बादली घेऊन धावली.

नळ कोरडाठाक. वाटीशेजारी एक लोखंडी नट गिरक्या घेत होता.

"माझा हाय तो," अंगणातल्या मारुती गाडीखालून आवाज आला. "कुणी हलवू नका. मग कुठला हाय ते ध्यानात ऱ्हात न्हाई."

"मन्मथा," नीलम्मा घागर आपटत म्हणाल्या, "काय करून राहिलास रे? म्हाताऱ्या माणसायचा जीव घ्यायलास का?"

"वजन कमी करून राहिलो, आई."

नीलम्मांनी गाडीखालून बाहेर आलेल्या पोराच्या पोटाकडं बघितलं. "गाडीचंच ना?" असं विचारून त्या आत गेल्या.

मन्मथ म्हणजे शिवकांताचा नवरा. मार्केट यार्डाच्या रस्त्यावर त्याचं सीटकव्हर आणि हॉर्नचं दुकान होतं. तो दुकान चालवायचा असं लोक म्हणायचे. खरं तर तो दुकान उघडायचा. चालायचा तो त्याचा मोबाइल. त्या मोबाइलवर परदेशातल्या गाड्या दिवसभर गोल गोल धावायच्या, आणि मन्मथ स्टुलावर बसून वळणावर त्यांच्याबरोबर कलायचा. गिऱ्हाईक आलंच तर म्हणायचा, "थांबा जरा, शेवटची फेरी हाय."

हे खूळ एरवी मोबाइलपुरतं राहिलं असतं. पण त्या वर्षी गावाला दोन तहाना लागल्या होत्या. एक पाण्याची आणि एक जिल्ह्याची. लातूर फोडून नवा जिल्हा होणार अशी आवई उठलेली. उदगीरनं आधीच कंबर कसलेली, मग अहमदपूरनं काय हातावर हात ठेवून बसायचं? लगोलग एक कृती समिती निघाली आणि गावचे पुढारी भुजंगराव तिचे अध्यक्ष झाले. मोर्चा झाला, बंद झाला, एक उपोषणही झालं. ते जेवणाच्या वेळेआधी आटोपलं. तरी जिल्हा काही होईना. तेव्हा भुजंगरावांना कुणीतरी पटवलं की जिल्ह्याच्या गावाला काहीतरी भव्य लागतं. स्टेडियम, विमानतळ, असं काहीतरी. गावात भव्य अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे गावाबाहेरचा आटलेला तलाव. सपाट, गोल, तडकलेला, क्षितिजापर्यंत मोकळा.

"एवढं मोठं मैदान लातूरकडं तरी हाय का?" भुजंगराव म्हणाले, आणि 'नियोजित जिल्हा करंडक' या नावानं मोटारींची शर्यत जाहीर झाली. पाणी होतं तेव्हा त्या तलावाचा गाळ काढायला कुणाला सवड झाली नव्हती. आता रोलर फिरवायला सगळे हजर.

मन्मथनं पहिलंच नाव दिलं.

"ह्यो पैशावाल्यायचा खेळ हाय म्हणतेत," त्या दिवशी जेवताना त्यानं घराला समजावलं. "खोटं हाय. डोक्यावाल्यायचा हाय. गाडी पळवायची तर दोन रस्ते. इंजिन मोठं करा, न्हाई तर वजन कमी करा. मोठं करायला पैसा लागतो. कमी करायला काय लागतं?"

"काय?" गुरुबसप्पांनी विचारलं.

"पाना."

राहता राहिली गाडी. दारातली पांढरी मारुती एट हंड्रेड मन्मथची नव्हती. ती शिवकांताची. तिचे वडील शरणप्पा बिलोलीला कापडाचं दुकान चालवायचे. त्यांना लेक एकच. अण्णांनी तिला दुकानामागच्या मोकळ्या जागेत गाडी शिकवली तेव्हा भावकी हसली होती. "क्लच असा सोड," अण्णा सांगायचे, "जसा झोपलेल्या लेकराच्या मानेखालून हात काढतेत." तेव्हा तिला ते कळलं नव्हतं, कारण तेव्हा तिला लेकरू नव्हतं. चिन्नू झाल्यावर एका दुपारी तिच्या मानेखालून हात काढताना ते कळलं, पण सांगायला अण्णा उरले नव्हते. जाताना ते गाडी लेकीच्या नावानं करून गेले.

सासरच्या दारात उभं असलेलं माहेर होतं ते. महिन्यातून एका रविवारी शिवकांता चिन्नूला मागच्या सीटवर बसवायची, घराकडं न बघता गाडी काढायची आणि मुखेड, नरसी करत बिलोलीला आईकडं जायची. एसटीनं हाच प्रवास लेकरू, पिशवी आणि गाड्यांची बदलाबदली करत दिवस खायचा. त्यात नीलम्मा दर वेळी म्हणायच्या, "एवढा आटापिटा करून कामून जायाचं? फोन हाय की." गाडी होती तोवर या प्रश्नाला उत्तर द्यावं लागत नव्हतं. किल्ली उचलली की झालं.

मागच्या सीटवरून चिन्नू सारखी विचारायची, "आई, बिलोली आली का?" आणि शिवकांताकडं दर वेळी उत्तर तयार असायचं. "आता बघ, चिंचा लागतील. मग नरसीचा चौक. मग तुझी अव्वा दारात." अव्वा म्हणजे चिन्नूची आजी, कमलम्मा. ती खरंच दारात असायची. गाडीचा आवाज तिला कोपऱ्यावरूनच कळायचा.

"एक शर्यत," मन्मथनं शिवकांताला वचन दिलं. "रविवारी शर्यत, सोमवारी सगळं जिथल्या तिथं. पुढच्या रविवारी जा की बिलोलीला. चॅम्पियनच्या गाडीतून."

"आन् जिथल्या तिथं बसलं न्हाई तर?"

"अगं, मी काढलंय म्हणल्यावर मला बसवता येणार न्हाई का?"

हसताना त्याचे डोळे बारीक व्हायचे, थेट चिन्नूसारखे. लेकीचे डोळे बापाच्या तोंडावर असले की बाईची पंचाईत होते. ती नाही म्हणू शकली नाही.

मग पाना चालला. मागची सीट निघाली. दारांच्या आतले पत्रे निघाले, काचा निघाल्या, रेडिओ निघाला. डॅशबोर्डवरचे काटेसुद्धा निघाले, वेगाचा आणि इंजिनच्या गरमीचा, दोन्ही. "काट्याकडं बघत बसलं की नजर रस्त्यावरनं हालती," मन्मथ म्हणाला. अण्णांनी चिकटवलेला छोटा नंदी तेवढा शिवकांतानं काढू दिला नाही.

शर्यतीच्या गाडीला आत लोखंडी पिंजरा लागतो, उलटली तर माणूस वाचावा म्हणून. तो खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्या वेल्डरकडून करून घेतला. त्या माणसाचा हात जाळ्यांवर बसलेला. त्यानं पिंजऱ्यात दोन मोर काढले. आणि दारांपुढूनही आडव्या सळ्या घेऊन टाकल्या, चोर आत येऊ नये म्हणून. त्यामुळे आता खिडकीतून शिरावं लागायचं. आधी मुंडकं, मग पोट, मग बराच वेळ काही नाही, मग पाय. चिन्नूला हा खेळ फार आवडायचा. "बाबा, परत अडका ना!" ती टाळ्या वाजवायची.

छातीवरचे पट्टे विकत मिळतात, पण ते डोकं नसलेल्यांसाठी. मन्मथनं गुरुबसप्पांच्या पलंगाची नवार उसवली आणि चांभाराकडून त्याचे पट्टे शिवून घेतले. मग पलंगच राहिला नाही, म्हणून गाडीची मागची सीट ओसरीवर ठेवून गुरुबसप्पा तिच्यावर निजू लागले. पाय बाहेर यायचे. अंगावरचा पोशाख पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या एका दोस्ताचा.

"आग लागली तर हे जळत न्हाई का?" शिवकांतानं विचारलं.

"त्याच्या पंपाला लागली का कधी आग?"

"न्हाई."

"मग?"

या 'मग'पुढं जगातलं सगळं शास्त्र हात टेकतं.

रविवारी सकाळी मन्मथचा मेकॅनिक दोस्त व्यंकट आला. त्यानं रेडिएटर रिकामा करून धुतला आणि म्हणाला, "आता चांगलं पाणी घाला भरून. आज गाडी लई तापणार."

"आई, पाणी दे गं रेडिएटरला," मन्मथ ओरडला.

इथं नीलम्मांच्या राज्याचा कायदा सांगायला हवा. त्या घरात पाण्याला पायऱ्या होत्या. पहिलं पाणी देवाचं, पिण्याचं आणि चुलीचं. त्यानं तांदूळ-डाळ धुतली की ते झालं दुसरं. त्यात भांडी विसळायची. भांडी विसळली की तिसरं. ते हौदाशेजारच्या पिंपात साठवायचं आणि संडासाला वापरायचं. पायरी कुणी मोडायची नाही. एकदा पाहुण्यानं पहिल्या पाण्यानं पाय धुतले, तर नीलम्मा त्याच्याशी वर्षभर बोलल्या नव्हत्या.

"गाडी पाणी पिती का धुवायला घेती?" त्यांनी व्यंकटला विचारलं.

"पीत न्हाई, मावशी. आतल्या आत फिरतंय नुसतं."

"मग तिसरं घ्या. गाडीला काय कळतंय? तिला काय देव पूजायचाय?"

"आत्याबाई," शिवकांता म्हणाली, "आमचे अण्णा रेडिएटरला पाणी धोतरातनं गाळून घालायचे. चांगलं पाणी."

"तुझ्या अण्णायच्या गावाकडं नदी होती, बाई. हितं मी हाय."

पिंपाच्या पाण्यावर साबणाचा फेस होता आणि भाताची शितं. शिवकांतानं आपल्या जुन्या लुगड्याची चौपदरी घडी केली आणि त्यातून पाणी गाळलं. शितं घडीत अडकली. खाली उतरलेलं पाणी पांढुरकं होतं, पण तिला ते पुरेसं स्वच्छ वाटलं. ते तिनंच स्वतःच्या हातानं नरसाळ्यानं ओतलं. वर थोडं उरलं, ते नीलम्मांनी परत पिंपात टाकलं.

मग गाडीची पूजा. बॉनेटवर भस्माचे तीन पट्टे, चाकाखाली लिंबू. नारळ फोडला तो वाटी धरूनच. त्याचं पाणी काय रस्त्यावर सांडायचं?

तलावावर अख्खा तालुका लोटला होता. जिथं एरवी म्हशी डुंबायच्या तिथं शामियाना होता. प्रमुख पाहुणे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले आणि पहिली गाडी नुसती चालू झाल्याबरोबर खाकरले. भुजंगरावांनी हात वर केला, आणि तलावाच्या काठावरून एक टँकर सावकाश खाली उतरला.

बायकांना वाटलं, गर्दीसाठी प्यायला आला. शंभर हात कळशा शोधू लागले. टँकरनं मागचा कॉक उघडला आणि तो शर्यतीच्या वाटेवर पाणी शिंपडत गोल फिरू लागला. कोरड्या मातीनं चर्रर्र आवाज केला आणि ते पिऊन टाकलं.

शिवकांताशेजारी बसलेली नागाबाई नावाची म्हातारी उठली आणि रिकामी घागर काखेत धरून थेट शामियान्यापाशी गेली.

"भुजंगा," ती म्हणाली, "तळ्यात टँकरनं पाणी! मरायच्या आदी हे बी बघितलं बाबा."

"माय, पावण्यायला धुळीची अ‍ॅलर्जी हाय."

"आमाला तहानेची हाय."

"आदी जिल्हा होऊ द्या," भुजंगराव माइकवरून सगळ्यांनाच म्हणाले, "मग पाणीच पाणी!" टाळ्या पडल्या. नागाबाईनं ओल्या वाटेवर टाच दाबून बघितली, चिखल काही झाला नाही, आणि ती परत येऊन बसली.

झेंडी पडली. पाच गाड्या सुटल्या. खरं सांगायचं तर पहिल्या फेरीत मन्मथ पुढं होता. सगळ्यांत पुढं. वजन कमी केलेली ती मारुती काड्यापेटीसारखी उडत होती, मोरांच्या पिंजऱ्यात त्याचं हेल्मेट हलत होतं, आणि शिवकांता नको नको म्हणता उभी राहिली. चिन्नू तिच्या कडेवर उड्या मारत होती, "बाबाऽ! बाबाऽ!" त्या एका फेरीपुरतं तिला वाटलं की मनातल्या मनात केलेली सगळी चेष्टा मागं घ्यावी. आज संध्याकाळी आईला फोन करावा, अण्णांची गाडी पहिली आली म्हणून सांगावं.

पुढच्या फेऱ्यांत बॉनेटच्या फटीतून काहीतरी पांढरं दिसू लागलं. आधी वाफ वाटली. मग ते फुगलं, फेसाळलं आणि काचेवर ओघळलं. वाऱ्याबरोबर एक वास आला. तो सगळ्या तालुक्याला ओळखीचा होता.

"आरं, भात शिजला!" कुणीतरी ओरडलं. "मन्मथरावच्या गाडीनं पेज काढली रे!"

तलावभर हसू फुटलं. शिवकांता हसली नाही. तिला एका क्षणात लुगड्याची घडी दिसली, त्यातून उतरलेलं ते पांढुरकं पाणी दिसलं. भात आणि साबण तापले की उतू जाणारच. रोज चुलीपुढं उभं राहणाऱ्या बाईला हे आठवू नये? इंजिन कोरडं पडत होतं. गरमीचा काटा गाडीत असता तर तो आत्ता तांबड्यात असता. काटा घरी होता, दाण्यांच्या डब्यात.

तिनं चिन्नूला नागाबाईच्या मांडीवर ठेवलं, लेकीच्या गळ्यातली पाण्याची बाटली काढून हातात घट्ट धरली आणि ती वाटेकडं धावली. "थांबा! अवो, थांबा! इंजिन बंद करा!" दोन्ही हात वर करून ती ओरडत होती.

मन्मथनं तिला बघितलं. आजवर बायको त्याच्या कुठल्याही उद्योगात अशी हात उंचावून धावली नव्हती. त्याचा ऊर भरून आला. पिंजऱ्यातून हात बाहेर काढून त्यानं तिला जोरात हलवून दाखवला आणि अ‍ॅक्सिलेटर मुळापर्यंत दाबला.

पुढच्या वळणावर गाडीनं एक किंकाळी फोडली, लोखंडावर लोखंड घासल्याची. मग ती थोडी घरंगळली आणि तलावाच्या अगदी मधोमध, जिथं पूर्वी सगळ्यांत खोल पाणी असायचं तिथं, उभी राहिली.

शिवकांता पोहोचली तेव्हा मन्मथ खिडकीतून बाहेर येत होता. आधी मुंडकं, मग पोट. तोंड धुळीनं माखलेलं, डोळ्यांभोवती तेवढी दोन स्वच्छ वर्तुळं.

"बघितलंस? पुढं होतो! बघितलंस ना?" म्हणत त्यानं तिच्या हातातली बाटली घेतली आणि घटाघटा पिऊन संपवली.

"अवो, ते गाडीला..."

"आँ?"

तोवर व्यंकट आला. त्यानं बॉनेट उघडलं, हात भाजून घेतला आणि मान हलवली. "ऱ्हाऊ द्या, वैनी. इंजिन धरलं. पार जाम झालं. आता पाणी म्हणजे मेल्यावर तोंडात थेंब."

बक्षीस समारंभात मन्मथलाही एक ढाल मिळाली, प्रोत्साहनपर. "पाण्यावाचून शेवटच्या श्वासापर्यंत धावणारी ही गाडी म्हणजे आपला तालुका हाय!" भुजंगराव म्हणाले, आणि प्रमुख पाहुण्यांनी बिनधुळीचे हात जोडले. मन्मथच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या तलावात त्या दिवशी आपसूक आलेलं तेवढंच.

गाडी ओढून न्यायला काही मिळेना. शेवटी टँकरवाल्याला दया आली. त्यानं मारुतीला मागं दोर बांधला आणि वरात निघाली.

गल्लीच्या तोंडाशी टँकरचा आवाज ऐकू आला आणि घराघरांतून आरोळी उठली, "टँकर आलाऽ!" दारं उघडली. घागरी, कळशा, पिंपं, दुधाची भांडी, एकीचा तर प्रेशर कुकर, सगळं रस्त्यावर आलं. सर्वांत पुढं नीलम्मा.

"रिकामा हाय," टँकरवाला खिडकीतून म्हणाला. "हे तुमचं सोडायला आलो."

नीलम्मांनी टँकरमागं बघितलं. फेस वाळलेलं बॉनेट, पिंजऱ्यातले मोर, ढाल धरलेला पोरगा. व्यंकटनं त्यांना झालं ते सांगितलं.

"अख्खी बादली गेली की," त्या म्हणाल्या. "संडासाला तरी आली असती."

अंगणात गाडी ढकलून झाल्यावर शिवकांतानं विचारलं, "उद्या सीट बसवणार होता तुमी."

"आता बसवून काय करतीस? ती हालायची न्हाई." मन्मथ ढाल कुठं टांगावी ते बघत होता. मग एकदम थांबला, आणि त्याचे डोळे बारीक झाले. "शिवा, एक ध्यानात आलं का? सगळ्यात जास्त वजन इंजिनाचंच होतं. हलकं इंजिन कुठं मिळालं तर... एवढी एक शर्यत. पुढच्या वर्षी. तवा जिल्हा बी झालेला असतोय."

त्याच्या कानामागं मातीचा पोपडा धरला होता. तिनं पदरानं तो पुसला, जरा जास्तच जोरात. तो "आई गं" म्हणाला. तेवढंच तिचं भांडण.

गुरुबसप्पा मंदिराकडं गेले होते. ओसरीवरची सीट मोकळी होती, आणि चिन्नू तिच्यावर चढून नीट बसली, गाडीत बसायची तशीच, पाय पुढं, हात मांडीवर, रिकामी बाटली गळ्यात. तिच्यापुढं अंगण, अंगणात उपडी वाटी, आणि त्यापलीकडं गाडी.

"आई, बस ना."

शिवकांता तिच्याशेजारी बसली. सीटला अजून अण्णांच्या दुकानातल्या कोऱ्या कापडाचा वास येत होता, की तिला तसं वाटलं. आत मोबाइल वाजत होता. आईचाच असणार, पुढच्या रविवारी धपाटे कशाचे करू, हे विचारायला.

चिन्नूनं आईच्या दंडाला गाल टेकला, खिडकीतून बघावं तसं बाहेर बघितलं, आणि नेहमीसारखं विचारलं,

"आई, बिलोली आली का?"